आठ आठवडे पगार भरलेला दिसू दे

बातमी कळली, फार बरं वाटलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी तुझी आई बघेल. माझं आयुष्य इंग्लंडातल्या कौन्सिलच्या पेरोलमध्ये गेलं, तेव्हा मावशीकडून पैशाचं ऐक. आणि आत्ताच ऐक, कारण यातलं मुख्य काम पाचवा महिना लागायच्या आत करायचं असतं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्या मुली मला नेमकं तेच सातव्यात विचारतात.

सरकारी मॅटर्निटी पे, म्हणजे एसएमपी, ३९ आठवडे मिळतो. पहिले सहा आठवडे तुझ्या सरासरी पगाराच्या ९० टक्के. पुढचे ३३ आठवडे ठरलेली रक्कम, २०२५-२६ च्या दराने आठवड्याला १८७ पौंड १८ पेन्स. ९० टक्के त्याहून कमी भरत असतील तर तेवढेच. आता ही सरासरी कुठली? वर्षाची नव्हे. बाळंतपणाच्या अपेक्षित आठवड्याच्या मागे पंधरा आठवडे मोज, तो क्वालिफाइंग वीक. तो संपायच्या आतला शेवटचा पगार आणि त्यामागचे निदान आठ आठवडे, एवढ्याच काळात हातात आलेल्या पगारावर सगळं ठरतं. समज, तुझी तारीख सप्टेंबरच्या मध्यावर आहे आणि पगार दर महिन्याच्या २८ ला होतो. मग एप्रिल आणि मे, या दोनच पे-स्लिप बघतात. मार्चमध्ये बोनस आला तर त्याचा काही उपयोग नाही, मेमध्ये आला तर तो धरतात.

आता तुझं चाइल्डकेअर व्हाउचर. थोरल्यासाठी तू ऑक्टोबर २०१८ च्या आधी नाव घातलंस म्हणून ते अजून चालू आहे. ४ ऑक्टोबर २०१८ पासून नवीन माणसाला त्यात घेत नाहीत. तू महिन्याला २४३ पौंड पगारातून सोडतेस आणि त्याचं व्हाउचर घेतेस. पण सोडलेला पगार म्हणजे न मिळालेला पगार, त्यामुळे सरासरीही तेवढी खाली येते. एप्रिल-मेमध्ये व्हाउचर थांबवलंस तर पहिल्या सहा आठवड्यांत मिळून तीनशे पौंडांच्या आसपास जास्त येतील, कर जाऊन दोनशेच्या वर. उलट बाजूला दोन महिन्यांची करातली बचत बुडेल. नॅशनल इन्शुरन्स आता आठ टक्के असल्यामुळे ती महिन्याला ६८ पौंड, दोन महिन्यांचे १३६. म्हणजे निव्वळ फायदा ऐंशी पौंडांचा. एवढ्यासाठी कोण धावपळ करेल, असं म्हणशील. खरंय. पण सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये व्हाउचर एकटं नसतं. पेन्शन, सायकल, विजेवरची गाडी, सगळं त्याच वाटेने पगारातून जातं आणि सगळ्याचा परिणाम सारखाच होतो. पेन्शनचा आकडा बहुतेकींचा व्हाउचरपेक्षा मोठा असतो. सगळं एका कागदावर मांड आणि मगच काय थांबवायचं ते ठरव. जावईबापूंचं व्हाउचर मात्र चालू राहू दे, त्यांच्या पगाराचा तुझ्या एसएमपीशी काही संबंध नाही.

दोन-तीन दिवसच काम करणाऱ्या मैत्रिणीला यातलं एक आवर्जून सांग. सरासरी ठरलेल्या मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये आठवड्याला १२५ पौंड) खाली गेली तर एसएमपी मिळतच नाही. मग मॅटर्निटी अलाउन्स मागावा लागतो आणि युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या घरात तो पैनपै कापला जातो. एसएमपी तिथे पगारासारखा धरतात, त्यामुळे हातात जास्त उरतं.

एचआरला कधी सांगायचं? मिडवाइफ मॅट-बी-वनचा कागद विसाव्या आठवड्याच्या सुमाराला देते. बहुतेक जणी त्यानंतर ऑफिसात तोंड उघडतात, तोवर ते आठ आठवडे सुरू झालेले असतात. पेरोलला बदल महिनाभर आधी हवा असतो. एवढ्या लवकर सांगायचं नसेल तर नुसतं ‘व्हाउचरची रक्कम बदलायची आहे’ म्हणून मेल टाक. काही ऑफिसं वर्षातून एकदाच बदल करू देतात आणि दिवस गेले असतील तर अपवाद करतात. तसं असेल तर मग सांगूनच टाक.

पण थांबवायचं म्हणजे स्कीम सोडायची नव्हे, इथे फार जपून. सलग ५२ आठवडे एकही व्हाउचर घेतलं नाही तर नाव कायमचं जातं. आता हिशेब बघ: एप्रिल-मे थांबवलं, आळसाने तसंच राहू दिलं, वर वर्षभराची रजा. गेलं. म्हणून जूनच्या पगारापासून पुन्हा चालू कर आणि रजेला निघताना स्कीममध्ये राहूनच निघ.

रजेत काय होतं, हे ऑफिसागणिक वेगळं. एसएमपीमधून व्हाउचरचे पैसे कापता येत नाहीत, तो कायदाच आहे. पूर्वी करखात्याचं, म्हणजे एचएमआरसीचं म्हणणं असं, की पगाराशिवायच्या सवलती रजेतही चालू ठेवायच्या, म्हणून मालक स्वतःच्या खिशातून व्हाउचर देत. २०१६ मध्ये पेनिन्सुला विरुद्ध डोनाल्डसन या खटल्यात अपील ट्रायब्युनलने सांगितलं, की सॅलरी सॅक्रिफाइसचं व्हाउचर रजेत द्यायला मालक बांधील नाही. तेव्हापासून कित्येकांनी हात आखडला. काही मालक मात्र अजून देतात. तुझ्या कंपनीची मॅटर्निटी पॉलिसी काढ, तिच्यात ‘व्हाउचर’ शब्द शोध आणि उत्तर लेखी घे, फोनवरचं धरू नकोस. देत असतील तर महिन्याला २४३ पौंड तुझा एक पैसा न जाता साठतील, आणि मग वरचा ऐंशी पौंडांचा हिशेब किरकोळ वाटेल. देत नसतील तर पूर्ण वर्ष रजा काढू नकोस. रजेतही सुट्ट्या जमत असतात. नऊ-दहा महिन्यांनी कागदावर हजर हो आणि त्या भरपगारी सुट्ट्या घे. बाळाजवळ तेवढीच राहशील, पगार पूर्ण येईल आणि त्या पगारातून व्हाउचरही निघेल.

साठलेल्या व्हाउचरचा उपयोग कुठे, तेही सांगते. इंग्लंडात नोकरी करणाऱ्या आई-बापांना मूल नऊ महिन्यांचं झाल्यावर आठवड्याला ३० तास फुकट मिळतात, वर्षातले ३८ आठवडे. सप्टेंबर २०२५ पासून हे तास पूर्ण झाले, आधी पंधरा होते. पण तास नऊ महिने भरले त्या दिवशी सुरू होत नाहीत, त्यानंतरच्या सत्राला होतात: १ जानेवारी, १ एप्रिल किंवा १ सप्टेंबर. तुझं बाळ सप्टेंबरच्या मध्यावर जन्मलं तर नऊ महिने जूनच्या मध्यात भरतील, तास मात्र १ सप्टेंबरला. एसएमपीही जूनच्या सुमारालाच संपतो. म्हणजे जून ते ऑगस्ट नर्सरीची फी पूर्ण, त्यात जुलैअखेरीपासून थोरल्याची सुट्टी आणि हॉलिडे क्लब. व्हाउचर वापरायचं ते याच तीन महिन्यांत. फुकट तास आणि व्हाउचर दोन्ही एकाच वेळी चालतात. तासांचा कोड सत्र सुरू व्हायच्या आत हातात हवा आणि दर तीन महिन्यांनी तो पुन्हा पक्का करायचा, हे फोनवर लावून ठेव.

ऑफिसात कोणीतरी म्हणेलच, ‘टॅक्स-फ्री चाइल्डकेअर घे, जास्त मिळतं.’ कदाचित मिळेलही. तू आठ पौंड भरलेस की सरकार दोन घालतं, दर मुलामागे वर्षाला २,००० पर्यंत. व्हाउचरची मर्यादा मात्र पालकामागे, मुलं कितीही असोत. दोन्ही मुलं महागड्या नर्सरीत असती तर मीही तेच म्हणाले असते. पण तुझा थोरला शाळेत जातो, त्याचा खर्च आफ्टर-स्कूल क्लबपुरता. शिवाय टॅक्स-फ्रीमध्ये दोघंही कमावते हवेत, दोघांपैकी कोणाचीही मिळकत एक लाखाच्या वर नको आणि मूल अकराचं झालं की पुढच्या सप्टेंबरला ते संपतं. व्हाउचर पंधरापर्यंत जातं. दोन्ही एकत्र घेता येत नाहीत आणि एकदा व्हाउचर सोडलं की परतीची वाट नाही. म्हणून धाकट्याची फी प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत हललीस तर खबरदार.

चाइल्ड बेनिफिटचा अर्ज कर, कोणाचा पगार साठ हजारांच्या वर असला तरी. पैसे नको म्हणता येतात, अर्ज नको म्हणू नकोस. घरी बसणाऱ्या आईची पेन्शनची वर्षं त्याने भरतात. अर्ज उशिरा केला तर मागचे तीनच महिने देतात.

तुझ्या शेजारची ती नाशिकची मुलगी, दोघं स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत ना? तिला सांग, एसएमपी हा ‘पब्लिक फंड’ नाही, बिनधास्त घे. चाइल्ड बेनिफिट तसा आहे, त्याला हात लावू नको. तीस तास आणि टॅक्स-फ्रीसाठी दोघांपैकी एकाला तरी पब्लिक फंडाचा हक्क लागतो. तीन वर्षं झाल्यावरचे पंधरा तास मात्र इंग्लंडात व्हिसा न बघता प्रत्येक मुलाला मिळतात. नवीन व्हाउचर तिला मिळणार नाही, पण ती हॉस्पिटलात नोकरीला आहे, तेव्हा तिथे वर्कप्लेस नर्सरीची सॅलरी सॅक्रिफाइस स्कीम आहे का ते विचारू दे. ती अजून नव्यांना खुली आहे आणि तिच्यात २४३ ची मर्यादाही नाही. आठ आठवड्यांचं गणित तिलाही तसंच लागू.

आता आई येतेय, ते छानच. व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिने. नातवंडाजवळ राहायला हरकत नाही, पण ‘मुलगी कामावर जाणार म्हणून मूल सांभाळायला आले’ असं विमानतळावर सांगायला लावू नकोस. तिच्या हातात व्हाउचर ठेवता येत नाही, ते नोंदणी असलेल्या नर्सरी, क्लब, चाइल्डमाइंडर अशांनाच. तुझी सासू मात्र लेस्टरलाच असते आणि अजून पेन्शनच्या वयाची नाही. ती बाळाला सांभाळणार असेल तर चाइल्ड बेनिफिटबरोबर येणारं नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट तू नोकरीवर गेल्यावर तिच्या नावावर करता येतं. अर्ज करवर्ष संपल्यावर, पुढच्या ३१ ऑक्टोबरनंतर. फॉर्म माझ्याकडे घेऊन या दोघी, भरून देते.