मडक्यांतील मूठभर पीठ

(शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १७. घरांतील सर्वांनीं एकत्र बसून वाचावा.)

दसऱ्यानंतर आमच्या मंडळींतील कित्येक घरांस कुलुपें लागतात. नवराबायकोचा कोयता मुकादमाकडे नोंदलेला असतो, उचल पावसाळ्यांतच खर्च झालेली असते, आणि कोणत्या शिवारांत कोपी पडणार हें पुष्कळदां गाडींत बसेपर्यंत ठाऊक नसतें.

यंदाच्या हंगामाच्या आरंभीं असेंच एक कुटुंब निघण्याच्या आदल्या रात्रीं प्रार्थनेसाठीं आमच्याकडे आलें. प्रार्थना झाल्यावर त्या बाईंनीं विचारिलें, “पाळकसाहेब, उचल तर पोराच्या दुखण्यात गेली. ती फिटंल का, पोरं मागं ठेवावी का संगं न्यावी, काही सुचंना. देव पुढचं का दावीत न्हाई?” आम्हीं घाईनें एक वचन सांगून त्यांस निरोप दिला. दार लावून आंत वळलों, तों समोर आमच्या ज्वारीचीं पोतीं. भरल्या पोत्यांशेजारीं उभें राहून दुसऱ्यास काळजी करूं नका असें सांगणें फार सोपें असतें. बाईंच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दिलेंच नव्हतें. झोंप लागेना, म्हणून दिवा लावून हा अध्याय काढिला.

प्रथम एलीयाकडे पाहा. पाऊस पडणार नाहीं असें अहाब राजास सांगून तो यार्देनेच्या पूर्वेस करीथ ओहळाजवळ लपला. सकाळसंध्याकाळ कावळे त्याला भाकर व मांस आणीत, आणि ओहळाचें पाणी तो पीत असे. मग ओहळ आटला. कां आटला? पाऊस नव्हता म्हणून. शास्त्र दुसरें कारण सांगत नाहीं. देवाच्या माणसाचा ओहळहि इतरांच्या विहिरींप्रमाणेंच आटतो. आणि सारफथास जा, ही आज्ञा त्याला ओहळ आटल्यावर झाली, पूर्वीं नाहीं. पाण्याची धार रोज बारीक होत असतां तो काय विचार करीत बसला असेल, हें दुष्काळी गांवांतील वाचकांस सांगावयास नको. ज्यांनीं १९७२ सालीं खडी फोडून दिवस काढिले तीं म्हातारीं माणसें अजून मंडळींत आहेत, त्यांस विचारावें.

सारफथ हें सोर व सीदोन यांच्या मध्यें समुद्रकांठीं होतें. आज तो भाग लेबनॉन देशांत येतो. तो मुलूख ईजबेल राणीच्या बापाचा, बआलाच्या भक्तांचा. तेथें देवानें आपल्या सेवकास कोणा सावकाराच्या दारीं पाठविलें नाहीं. वेशीजवळ काटक्या वेंचणाऱ्या विधवेकडे पाठविलें, आणि तिच्याजवळ मडक्यांत मूठभर पीठ व कुपींत थोडें तेल, एवढेंच होतें. मायलेंकरांनीं तेवढें खाऊन मग मरावयाचें, असें तिनें सरळ सांगितलें. एलीयानें तिला त्याबद्दल दोष दिला नाहीं. घरांतील बायामाणसें पिठाचा डबा खरवडतांना जें बोलतात त्याला आपण पुरुष लागलेंच अविश्वास म्हणतों. बहुधा तो नुसता हिशेब असतो.

मग एलीया म्हणाला, आधीं मला एक लहान भाकर करून आण. ह्या वाक्याचा आधार घेऊन कित्येक उपदेशक गरिबांच्या ताटांतून वर्गणी ओढितात. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्यानें भाकर मागितली तो स्वतः उपाशी होता, तिच्याच घरीं राहिला, व त्याच मडक्यांतलें खाल्लें. जो पाळक तसें करावयास तयार नाहीं त्यानें हें वाक्य व्यासपीठावर उच्चारूं नये.

आतां मडक्याविषयीं. तें भरलें असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. सरलें नाहीं, एवढेंच लिहिलें आहे. रोज त्या बाईला तळाशीं हात घालावा लागे, आणि रोज त्या दिवसापुरतें पीठ निघे. उद्यांचें पीठ तिनें आज डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. लूक ४:२५ मध्यें येशूनें हा दुष्काळ साडेतीन वर्षांचा सांगितला आहे. तो सगळा काळ एलीया तिच्याकडे नव्हता, तरी दिवस पुष्कळ झाले. आणि तें एकटीचें काम नव्हतें. तिच्या घरचीं सारीं त्यावर जेवलीं. भरंवसा कसा ठेवावा हें त्या मुलानें प्रवचनांतून ऐकिलें नाहीं; आईचा हात मडक्यांत जातांना पाहिला.

इतकें होऊनहि तोच मुलगा पुढें आजारी पडून गतप्राण झाला. पीठ होतें, तरी दुखणें आलें. ती बाई एलीयाला बोलली, आणि एलीयाहि देवाला जाब विचारूं लागला. मुलगा पुन्हां जिवंत झाला हें आपण वाचतों; परंतु ज्यांचीं लेंकरें आपल्या गांवच्या कबरस्तानांत निजलीं आहेत त्यांच्यासमोर हें वाचतांना आवाज हळू करावा.

पहाटे गाडी सुटण्यापूर्वीं आम्ही त्या कुटुंबाकडे गेलों. देव पुढचें सारें दाखवीत नाहीं, एलीयालाहि दाखविलें नाहीं, असें बाईंस सांगितलें, व पिठाची पिशवी हातीं दिली. कारण देवाचें पीठ पुष्कळ वेळां कोणाच्या तरी मडक्यांतूनच यावयाचें असतें. मुलांची शाळा बुडूं नये म्हणून त्यांस आजीजवळ ठेवावें, असें सासूसुनांनीं मिळून ठरविलें होतें.

दर रविवारीं उपासनेनंतर थोरली मुलगी आमच्या फोनवरून फडावर आईशीं बोलते. “पीठ हाय का?” हा तिचा पहिला प्रश्न. “आजच्यापुरतं हाय,” असें पलीकडून उत्तर येतें, आणि मग ती धाकट्याच्या तक्रारी सांगूं लागते.