डोक्याचा मार आणि 'झोपू द्या त्याला'

होळीआधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. तेव्हा धडगावकडच्या रस्त्यांवर एका मोटारसायकलवर तिघे-चौघे बसलेले दिसतात, आणि हेल्मेट असलेच तर हँडलला! "डॉक्टरसाहेब, इथल्या इथे तर जायचंय, पोलीसही नसतो," असे मला ऐकवले जाते.

एक तरुण असाच बाजारातून परतताना वळणावर घसरला. उठला, कपडे झटकले, चालत घरी गेला. तोंडाला दारूचा वास होता. घरच्यांना वाटले, झोपला की उतरेल. पहाटे माझ्याकडे आणला तेव्हा तो हाकेला ओ देत नव्हता. एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. तो वाचला नाही.

असे का होते? कवटीच्या आत रक्तवाहिनी फाटली की रक्त हळूहळू साठते. सुरुवातीला माणूस चांगला बोलतो, चालतो. काही तासांनी मेंदूवर दाब येतो. नशा असली तर ही गुंगी दारूचीच वाटते, आणि खरा घात तिथेच होतो. म्हणून प्यायलेल्याच्या डोक्याला मार लागला असेल तर त्याला अधिकच जपावे.

वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, फीट, नाका-कानातून रक्त किंवा पाणी यांपैकी एकही दिसले तरी १०८ला फोन करा. मान हलवू नका, पाणी पाजू नका. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे संरक्षण आहे.

हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवे. आणि पट्टा हनुवटीखाली बांधा. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पडताना आधी तेच उडते.