परतीच्या पावसातील घाटवाट

मालवण किनाऱ्यावर चवथीनंतर ऊन पडू लागले, की पावसाळा सरल्याची भावना होते आणि सहकुटुंब कोल्हापूर-बेळगावकडे निघालेल्या गाड्या आंबोली, फोंडा, करूळ व भुईबावडा या घाटांत दिसू लागतात. परंतु किनाऱ्यावरच्या उन्हावरून घाटातील हवामान ठरत नाही. समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा सह्याद्रीला अडून वर चढताना थंड होते व ढग बनून बरसते, यास प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. त्यामुळे मालवणात छत्रीही लागत नसताना सुमारे 700 मीटर उंचीवरील आंबोलीत समोरच्या गाडीचे दिवे दिसू नयेत इतके धुके असू शकते.

त्याहून मोठा धोका डोंगराच्या पोटात असतो. आंबोली परिसरात माथ्यावर जांभा, त्याखाली ‘शेडी’ हा चिकणमातीचा थर आणि तळाशी काळा कातळ अशी रचना ठिकठिकाणी आढळते. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पाणी शेडीवर अडते, तिचा घट्टपणा जातो आणि रस्त्यासाठी उभ्या कापलेल्या कडेवरून वरचा भार घसरतो, हीच दरड होय. हिमालयातील खिंडींत मे-जूनपर्यंत रेंगाळलेला बर्फ जसा स्वच्छ उन्हातच वितळून रस्त्यावर उतरतो, तसे चार महिने मुरलेले हे पाणी पाऊस थांबल्यावरही उतार सैल ठेवते. कडेच्या गटारातील नितळ पाणी अचानक लालसर गढूळ होणे, बारीक खडे टपटपत रस्त्यावर येणे किंवा एखादे झाड नव्याने कललेले दिसणे, या खुणा अनुभवी चालक गांभीर्याने घेतात आणि अशा कड्याखाली धबधब्याच्या छायाचित्रासाठीसुद्धा थांबत नाहीत.

परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो, म्हणून घाट सकाळीच ओलांडावा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, कारण सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात. चढणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी. 2024 मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता व त्याचा भार भुईबावडा आणि फोंडा घाटांवर आला, हे ध्यानात घेता निघण्यापूर्वी कोणता घाट चालू आहे याची चौकशी करावी. मुलेबाळे गाडीत असताना लांबचा, पण खात्रीचा मार्ग पत्करणेच शहाणपणाचे. दरड आढळल्यास गाडी सुरक्षित अंतरावर मागे घेऊन 112 क्रमांकावर कळवावे, मागून येणाऱ्यांना थांबवावे आणि रस्ता अधिकृतपणे खुला होईपर्यंत ढिगाऱ्याच्या कडेने गाडी काढू नये.