चित्रकारांचा चित्रकार

सतराव्या शतकात स्पेनच्या राजाचे साम्राज्य पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांत पसरलेले होते. आज ते साम्राज्य उरले नाही. राजा चौथा फिलिप याचे नावही इतिहासाच्या अभ्यासकांनाच ठाऊक असते. परंतु त्याच्या पदरी असलेल्या एका चित्रकाराची कीर्ती मात्र काळाबरोबर वाढतच गेली. त्या चित्रकाराचे नाव दिएगो वेलास्केझ.

वेलास्केझचा जन्म १५९९ साली सेव्हिल या शहरात झाला. लहानपणीच त्याला पाचेको नावाच्या चित्रकाराच्या हाताखाली शिकण्यास ठेवण्यात आले. पाचेको विद्वान होता आणि शिष्याची पारख करणारा होता. पुढे १६१८ साली त्याने आपली कन्या हुआना हिचा विवाह आपल्या या शिष्याशीच लावून दिला. त्या वेळी चित्रकार बहुधा देवादिकांची, संतांची आणि राजांची चित्रे काढीत. तरुण वेलास्केझचे लक्ष मात्र स्वयंपाकघराकडे आणि रस्त्याकडे गेले. शेगडीवरच्या मातीच्या भांड्यात अंडी शिजविणारी वृद्धा, फाटका अंगरखा घालून पाणी विकणारा म्हातारा, अशी माणसे त्याने रंगविली. पाणीवाल्याच्या घड्यावरून ओघळणारे थेंबही त्याने इतक्या निष्ठेने काढले आहेत की, पाहणाऱ्याला त्या मातीचा गारवा जाणवावा! सामान्य वस्तूकडे आणि सामान्य माणसाकडे आदराने पाहण्याची ही दृष्टी त्याला विसाव्या वर्षापूर्वीच लाभली होती.

१६२३ साली तो माद्रिदला गेला. तेथे त्याने काढलेले राजाचे चित्र सर्वांना पसंत पडले आणि त्याची दरबारी चित्रकार म्हणून नेमणूक झाली. त्या वेळी राजा अठरा वर्षांचा होता व चित्रकार चोवीस वर्षांचा. पुढे सुमारे सदतीस वर्षे हा संबंध टिकला. वेलास्केझने राजाची अनेक चित्रे काढली. परंतु त्याने कधी राजाची खुशामत केली नाही. राजाचा लांबट चेहरा, जड हनुवटी, वाढत्या वयाबरोबर डोळ्यांत साचत गेलेला थकवा, हे सारे त्याने जसेच्या तसे दाखविले. मुकुट व रत्ने यांचा थाट त्या चित्रांत क्वचितच आढळतो. आढळतो तो काळजीने ग्रासलेला एक माणूस.

जी दृष्टी राजाकडे, तीच दृष्टी शत्रूकडेही. १६२५ साली स्पेनच्या सैन्याने ब्रेडा हे डच शहर जिंकले. त्या विजयाचे चित्र काढताना वेलास्केझने जेत्याचा उन्माद रंगविला नाही. पराभूत डच सेनापती शहराची किल्ली देण्यासाठी वाकला आहे आणि विजयी सेनापती स्पिनोला घोड्यावरून उतरून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, त्याला वाकण्यापासून थोपवीत आहे, असा तो प्रसंग आहे. विजयापेक्षा विजेत्याचा विनय मोठा, हे त्या एका हाताने सांगितले आहे.

त्या काळच्या राजवाड्यांत मनोरंजनासाठी बुटकी माणसे ठेवण्याची रीत होती. लोक त्यांच्याकडे पाहून हसत. वेलास्केझने त्यांचीही चित्रे काढली; परंतु ती पाहून कोणालाही हसू येत नाही. सेबास्तियान दे मोरा हा त्यांपैकी एक. तो जमिनीवर पाय पुढे करून, मुठी आवळून बसला आहे आणि समोर रोखून पाहत आहे. त्या नजरेपुढे पाहणाराच क्षणभर ओशाळतो.

या दृष्टीची खरी कसोटी मात्र वेलास्केझच्या स्वतःच्या घरात होती. हुआन दे पारेहा हा त्याच्या चित्रशाळेत काम करी. पण तो नोकर नव्हता, गुलाम होता. १६४९ मध्ये वेलास्केझ दुसऱ्यांदा इटलीला गेला, तेव्हा पारेहा त्याच्याबरोबर होता. रोममध्ये वेलास्केझने त्याचे चित्र काढले. सावळा वर्ण, पांढरी रुंद गळपट्टी, छातीशी आडवा घेतलेला हात आणि ताठ मान. एखाद्या सरदाराला शोभावा असाच हा सारा आविर्भाव आहे. वेलास्केझने हे चित्र पारेहाच्याच हाती देऊन आपल्या स्नेह्यांकडे पाठविले, तेव्हा दोहोंपैकी खरा पारेहा कोणता, असा त्यांना भ्रम पडला, अशी हकीकत एका जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. १६५० साली ते चित्र रोममधील पँथिऑन या प्राचीन वास्तूत मांडण्यात आले आणि त्याची वाहवा झाली.

ज्याच्या चित्रापुढे रसिक माना डोलवीत होते, तो माणूस मात्र अजून दुसऱ्याच्या मालकीचा होता. ही विसंगती वेलास्केझला किती बोचली असेल, हे त्याने लिहून ठेवलेले नाही. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने पारेहाच्या मुक्ततेच्या दस्तऐवजावर सही केली. मुक्तता चार वर्षांनी अमलात यावयाची होती. तोवर त्याची सेवा चालूच राहिली. ज्या हाताने माणसाची प्रतिष्ठा रंगविली, त्या हातालाही ती प्रत्यक्षात मान्य करण्यास विलंब लागला. पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला. त्याने १६६१ मध्ये काढलेल्या एका भव्य चित्रात त्याने स्वतःलाही उभे केले आहे. आता तो कोणाच्या चित्रातील विषय नव्हता, स्वतःच्या चित्राचा कर्ता होता!

१६५६ मध्ये वेलास्केझने आपले सर्वांत प्रसिद्ध चित्र काढले. 'लास मेनिनास', म्हणजे राजकन्येच्या सख्या, हे त्याचे नाव. मध्यभागी पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, भोवती तिच्या सख्या, बाजूला दोन बुटकी माणसे आणि पेंगुळलेला कुत्रा. डावीकडे हाती कुंचला घेतलेला स्वतः वेलास्केझ एका प्रचंड फलकापुढे उभा आहे. परंतु फलकाची पाठच आपणांस दिसते. मागच्या भिंतीवरील आरशात राजा व राणी यांची अंधूक प्रतिबिंबे आहेत. मग चित्रकार रंगवीत आहे ते कोणाला? आरशातील राजाराणीला, राजकन्येला, की चित्रासमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला? तीन शतकांहून अधिक काळ विद्वान या कोड्याची चर्चा करीत आले आहेत.

वेलास्केझची चित्रे जवळून पाहिली, तर रंगांचे मोकळे फटकारे तेवढे दिसतात. चार पावले मागे सरले, की तेच फटकारे रेशीम होतात, केस होतात, डोळ्यांतील चमक होतात. जितके सांगावयाचे तितकेच सांगून उरलेले पाहणाऱ्याच्या दृष्टीवर सोपविणे, हे त्याच्या कलेचे मर्म होय.

६ ऑगस्ट १६६० रोजी माद्रिद येथे त्याचे निधन झाले. त्याची बहुतेक चित्रे राजवाड्यातच असल्याने दीर्घकाळ ती फार थोड्यांनी पाहिली. १८१९ साली माद्रिदचे प्रादो संग्रहालय उघडले आणि ती लोकांपुढे आली. १८६५ मध्ये फ्रेंच चित्रकार माने तेथे गेला व त्याने वेलास्केझला 'चित्रकारांचा चित्रकार' म्हणून गौरविले. १९५७ मध्ये पिकासोने 'लास मेनिनास'वरून स्फूर्ती घेऊन चित्रांची एक मोठी मालिकाच काढली.

राजा, शत्रू, विदूषक आणि गुलाम यांना एकाच प्रकाशात उभे करणाऱ्या या चित्रांपुढे आजही माणसे थांबतात. कारण तेथे पदव्या मागे पडतात आणि माणूस तेवढा समोर येतो.

स्वाध्याय

१. तरुण वेलास्केझच्या चित्रांचे विषय इतरांहून वेगळे कसे होते?
२. ब्रेडाच्या चित्रातील कोणत्या कृतीतून विजेत्याचा विनय दिसतो?
३. पारेहाच्या चित्राच्या संदर्भात पाठात कोणती विसंगती दाखविली आहे? तीविषयी तुमचे मत लिहा.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : खुशामत, उन्माद, आविर्भाव, ओशाळणे.