जात्यंधांचा हत्ती आणि डोळस

केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठातील हत्तीचा दृष्टांत उपदेशी-वासनिक मंडळींस परिचित आहेच. जात्यंधांपैकी ज्याच्या हाती जो अवयव आला, त्यालाच त्याने हत्ती मानले. यावरून ‘सर्व मते सारखीच खरी’ असा अर्थ पुष्कळजण काढतात. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाही. हे सारे एकाच हत्तीचे अवयव होत, असे म्हणावयास संपूर्ण हत्ती पाहिलेला कोणी डोळस हवाच. जीव अनादि अविद्येने वेढलेला. त्याला ज्ञान देणारा परमेश्वरच.

मग मानवी शोध व्यर्थ काय? तसे नव्हे. वालीवच्या कारखान्यांतील कारागीरही मापात किंचित सूट धरतो. तेवढ्याने माप खोटे ठरत नाही, फक्त त्याची मर्यादा कळते. (ही मर्यादा विद्वानांस मात्र क्वचितच कळते!) तेराव्या शतकात म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांच्या सान्निध्यात लीळा जमविल्या, त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकिल्या त्यांस विचारून विचारून. स्वतःच्या तर्काने त्यांनी उणीव भरून काढली नाही. पुढे जेथे स्मरणे जुळली नाहीत, तेथे एकच पाठ खरा ठरवून दुसरा पुसण्याऐवजी ते भेदही पोथ्यांत नोंदले गेले.