बाळाचा रंग फोटोत बदलू नका

नवजात बाळाचा फोटो एडिट करायला घेतला की मी आधी एक प्रश्न विचारते. हा पिवळेपणा, ही लाली, हा डाग प्रकाशाचा आहे की बाळाचा? प्रकाशाचा असेल तर खुशाल काढावा. बाळाचा असेल तर हात आवरावा. घरच्या घरी मोबाइलवर फोटो सुधारणाऱ्या आईबाबांनी आणि मावशी-आत्यांनी ही सवय लावून घ्यावी, असं मी आग्रहाने सांगते. आमच्या घरात या फरकाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही आणि बाळाचं दुखणं फोटोखाली झाकलं गेलं.

माझ्या ताईची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माहेरी आली होती. मुलगी झाली, मायलेकी घरी आल्या. बाळाचे वडील नोकरीवर बंगळूरला परतलेले, सासरची मंडळी इचलकरंजीला. त्यामुळे दिवसभर फोटो जायचे. ज्या फोनवरून ते काढले जात त्यात ब्युटी मोड चालू असायचा आणि पाठवण्याआधी घरातलं कुणीतरी ॲपमध्ये चेहरा आणखी उजळायचं. प्रत्येक फोटोखाली ‘गोरीपान आहे गं’, ‘दृष्ट काढा’ असे निरोप. चौथ्या दिवशी न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘‘बाळ पिवळं दिसतंय हो.’’ घरातल्यांनी फोन उघडून पाहिला. फोटोत बाळ गुलाबी होतं. तेवढ्यावर विषय मिटला.

त्याच संध्याकाळी बारशाच्या फ्रेमसाठी भाचीने मला फोटो पाठवले. मी घरून फोटो रिटचिंगची कामं करते. उजळलेले फोटो मला कामाचे नसतात, म्हणून ताईच्या साध्या फोनवर काढलेले, कुणीही हात न लावलेले फोटो मागवले. त्यातला एक मोठा करून पाहिला. पांढरं दुपटं निळसर, मागची पांढरी भिंत निळसर, शेजारचा कापूसही निळसर. म्हणजे कॅमेऱ्याने सगळ्या फोटोत निळी छटा घातली होती. आणि तरीही बाळाचं कपाळ आणि नाकाचा शेंडा पिवळा दिसत होता. हा पिवळेपणा दिव्याचा असता तर दुपटंही पिवळं दिसलं असतं.

मी लगेच फोन केला. ‘‘मावशी, पण फोटोत तर छान दिसते की!’’ भाची म्हणाली. ‘‘अगं, फोटो राहू दे. तिला घेऊन आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा,’’ मी म्हणाले. रक्त तपासलं तेव्हा कावीळ निघाली; रक्तातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य उपचाराच्या मर्यादेच्या वर गेलेलं होतं. बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. उपचार वेळेत मिळाले आणि ती सुखरूप घरी आली.

यावरून फोटो पाहून कावीळ ओळखता येते, असा अर्थ कुणी काढू नये. फोटोवर तिची परीक्षा होत नाही, ती रक्ताच्या तपासणीवर किंवा डॉक्टरांकडच्या यंत्रावरच होते. पूर्ण दिवसांच्या 10 बाळांपैकी साधारण 6 बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते. पण बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. जन्मानंतरच्या पहिल्या 24 तासांत पिवळेपणा दिसला, तो पोटा-पायांपर्यंत उतरला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडलं किंवा दूध ओढेनासं झालं, तर एक तासही वाट पाहू नये. घरी पाहायचं तर बाळाला खिडकीच्या उजेडात न्यावं, कपाळावर किंवा छातीवर बोटाने हलकं दाबून सोडावं. दाबलेल्या जागी पिवळी छटा दिसली तर डॉक्टरांना दाखवावं. सावळ्या बाळात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या पाहाव्यात. कोवळं ऊन हा निळ्या दिव्याच्या उपचाराला पर्याय नाही.

मोबाइल रंग बदलतो तो का, हे समजून घेतलं तर पुढची बरीच चूक टळते. कॅमेऱ्यातली ऑटो व्हाइट बॅलन्सची सोय चित्रातल्या रंगांवरून प्रकाशाचा अंदाज बांधते. चित्रात पिवळं जास्त दिसलं की ‘बल्बचा उजेड असणार’ असं धरून ती निळा रंग वाढवते. पिवळेपणा दिव्याचा की कातडीचा, हे तिला ठरवता येतंच असं नाही. बाळाला पिवळ्या दुपट्यात गुंडाळलं असेल तर ती आणखी फसते. म्हणून पहिले काही दिवस पांढऱ्या किंवा राखाडी कपड्यावर, खिडकीपाशी, घरातले दिवे बंद करून फोटो काढावेत. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा होतो. असा फोटो एडिट करून सहजासहजी नीट होत नाही. हिरव्या भिंतीजवळ बाळाच्या गालावर हिरवट झाक येते, लाल दुपट्याची लाली हनुवटीखाली उतरते. हे सगळं प्रकाशाचं. ते काढताना मन खाऊ देऊ नये.

तेल-मालिशचीही वेळ सांभाळावी. तेलाने माखलेल्या कपाळावर उजेडाचे पांढरे चट्टे पडतात आणि त्या जागी फोटोत काही उरलेलंच नसतं, मग भरून तरी काय काढणार? अंघोळीनंतर लगेच अंग लालबुंद असतं. अंग कोरडं होऊन, पोटभर दूध पिऊन बाळ गाढ झोपलं की मग फोटो काढावा. खिडकीवर पातळ पडदा ओढावा. इतकं केलं की एडिटिंगचं निम्मं काम उरत नाही.

आता एडिटिंग. बऱ्याच आया हे काम रात्री, बाळ झोपल्यावर, अंधारात करतात. त्या वेळी फोनमध्ये डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीन पिवळसर करणारी सोय चालू असते. त्या स्क्रीनवर बाळ पिवळं वाटतं, म्हणून फोटो निळा केला जातो आणि सकाळी तेच बाळ राखेसारखं दिसतं. रंगाचं काम दिवसा करावं, ती सोय बंद करावी आणि स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवावा. स्क्रीन फार उजळ असेल तर छापलेला फोटो काळपट येतो.

व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपर पांढऱ्या कापडावर टेकवताना आपल्या घरातली एक गोष्ट विसरू नये. नीळ घातलेलं किंवा चमक वाढवणाऱ्या साबणाने धुतलेलं दुपटं मुळातच निळसर पांढरं असतं. त्याला शुद्ध पांढरं धरलं की ॲप उरलेल्या चित्रात पिवळा रंग ओततं आणि निरोगी बाळ कावीळ झाल्यासारखं दिसू लागतं. फोटोच्या दुकानात राखाडी कार्ड मिळतं. एका फोटोत ते बाळाजवळ धरावं, त्यावर ड्रॉपर टेकवावं आणि तेच माप त्याच उजेडातल्या बाकीच्या फोटोंना द्यावं.

मग येते कातडी. इथे मी सगळ्या खुणा दोन गटांत विभागते. पहिला गट पाहुण्यांचा: ओठाच्या कडेला वाळलेलं दूध, दुपट्याचा धागा, नखाचा ओरखडा, निघणारे पापुद्रे, नाकावरचे मोहरीहूनही बारीक पांढरे दाणे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर उठणारे लाल चट्टे. हे दाणे आणि चट्टे बहुतेक बाळांत काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप जातात. फ्रेमच्या फोटोतून ते काढायला हरकत नाही. अंगावरचे दाणे मात्र नखाने काढू नयेत.

दुसरा गट बाळाच्या स्वतःच्या खुणांचा: भुवयांमधला, पापणीवरचा किंवा मानेवरचा फिकट लाल डाग, जन्मखूण, कानाची घडण, कानावरची आणि खांद्यावरची लव. हे काढू नये. भारतीय बाळांच्या कमरेखाली, कुल्ल्यांवर निळसर-करडे डाग पुष्कळदा असतात आणि ते सहसा पहिल्या काही वर्षांत फिके होतात. परदेशात राहणाऱ्या मराठी आईबाबांनी तर या डागांचा न सुधारलेला, तारखेसह फोटो जपावा आणि डॉक्टरांकडून नोंदही करून घ्यावी. तिथे कधीकधी पाळणाघरात किंवा दवाखान्यात हे डाग माराचे वळ समजले जातात. तो फोटो अशा वेळी उपयोगी पडतो.

स्नॅपसीडमधलं हीलिंग किंवा लाइटरूममधला हीलचा ब्रश या कामाला पुरेसा आहे. फोटो मोठा करावा, ब्रश डागाहून किंचितच मोठा घ्यावा, एकेक टिकली लावत जावं आणि दर थोड्या वेळाने फोटो पुन्हा लहान करून पाहावा. नखाचा ओरखडा गालावरून काढताना मी त्याच गालावरची, तेवढ्याच उजेडातली जागा निवडते. कपाळावरची कातडी गालावर आणली की ठिगळ दिसतं. चेहऱ्याला लाली जास्त असेल तर फक्त लाल रंगाची तीव्रता थोडी उतरवावी आणि लगेच ओठ तपासावेत. ओठ फिके पडले म्हणजे आपण जास्त केलं. संपूर्ण कातडी गुळगुळीत करणारी पट्टी मात्र वापरूच नये. तिने कपाळावरच्या बारीक सुरकुत्या, लव आणि छिद्रं एकदम जातात आणि उरते ती प्लॅस्टिकची बाहुली. आपोआप चेहरा ‘सुधारणाऱ्या’ एआय ॲपचंही तसंच. अस्पष्ट फोटोत ते पापण्या आणि डोळे आपल्या अंदाजाने नव्याने भरतं. दिसतं सुरेख, पण ते तुमच्या बाळाचे डोळे नसतात.

हातापायांची निळसर झाक पहिल्या एक-दोन दिवसांत बऱ्याच बाळांत दिसते. पण ओठ, जीभ किंवा सगळं अंग निळसर दिसलं तर ॲप बंद करून बाळाला उचलावं आणि थेट दवाखाना गाठावा.

रंग उजळण्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. ‘जरा गोरं कर ना’ ही मागणी मला बारशाच्या जवळजवळ प्रत्येक कामात येते आणि मी ती करत नाही. जन्माच्या वेळी बाळ बऱ्याचदा गुलाबी किंवा उजळ असतं. त्याचा खरा वर्ण पुढच्या काही आठवडे-महिन्यांत स्थिरावतो. फोटोत गोरं केलेलं बाळ आणि पाळण्यातलं सावळं बाळ शेजारी आलं की ‘काळवंडलं गं’ अशी कुजबूज सुरू होते. मग त्या कोवळ्या कातडीवर बेसन-हळद घासली जाते आणि बाळंतिणीला चार गोष्टी ऐकाव्या लागतात. सावळ्या बाळाचा फोटो उठावदार करायचा तर उजेड वाढवावा, मागची गर्दी कमी करावी, डोळ्यांतली चमक जपावी. वर्ण तसाच ठेवून हे सगळं जमतं.

इंस्टाग्रामवर दिसणाऱ्या पोझबद्दलही सावध करते. पालथं बाळ दोन्ही हातांवर हनुवटी टेकून झोपलं आहे, असा फोटो तुम्ही पाहिला असेल. जाणकार फोटोग्राफर तो एका क्लिकमध्ये घेत नाहीत. एका फोटोत मदतनीस बाळाचं डोकं धरतो, दुसऱ्यात मनगटं; बाळ एक क्षणही आधाराविना नसतं. नंतर फोटोशॉपमध्ये दोन्ही फोटो जोडून मदतनिसाचे हात पुसले जातात. फांदीला टांगलेल्या झोळीतलं बाळही असंच जोडलेलं असतं. नवजात बाळाला स्वतःचं डोकं पेलता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात उशा लावून ती हनुवटीची पोझ जमवणं चाललं होतं. आजींनी बाळ सरळ उचलून घेतलं म्हणून बरं. घरी उताणं झोपलेलं बाळ, आईच्या कुशीतलं बाळ, आजोबांच्या तळहातावरची पावलं, एवढंच काढा. काजळ आणि तीटही बाळाला लावू नका. काजळात शिसं असू शकतं. आजीला फोटोत तीट हवीच असेल तर ती ॲपमध्ये लावून द्या, मी तशी कितीदा तरी दिली आहे.

शेवटी साठवणुकीचं. मूळ फोटो कधीही पुसू नका. एडिट केलेला वेगळ्या नावाने जतन करा आणि दोन्हींची एक प्रत फोनबाहेर ठेवा. 8 बाय 10 इंचांच्या चांगल्या छपाईसाठी 2400 बाय 3000 पिक्सेलचा फोटो लागतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो, तेव्हा छपाईवाल्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मात्र तसा पाठवताना फोटो कुठे काढला ती माहितीही सोबत जाऊ शकते, म्हणून अनोळखी माणसाला पाठवण्याआधी ती काढून टाका. बाळाच्या मनगटावरची हॉस्पिटलची पट्टी, तिच्यावरचं आईचं नाव आणि नंबर इतरांना पाठवायच्या फोटोत धूसर करा. डॉक्टरांना फोटो पाठवायची वेळ आली तर तो मूळच पाठवा आणि त्याला तपासणीच्या जागी धरू नका.

तुमच्या घरात बाळ आलं असेल तर आजच फोनमधला ब्युटी मोड बंद करा. रोज एकदा दिवसाच्या उजेडात बाळाला डोक्यापासून तळपायांपर्यंत नीट पाहा आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी काही सांगितलं तर फोन न उघडता बाळाकडे बघा. फोटोतल्या प्रकाशाच्या चुका मनसोक्त दुरुस्त करा. बाळाचा वर्ण मात्र आहे तसा राहू द्या. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीही नाही.