मार खांद्याला, नजर बोटांवर

सोयाबीनची मळणी सुरू झाली की जिंतूर, सेलू, पाथरीच्या शिवारांत मळणीयंत्रं रात्री उशिरापर्यंत चालतात आणि त्यांच्या पट्ट्यात कुणाचा हात अडकतो. पुढे ऊसतोड लागते आणि अंधारात उभ्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते. या दोन्ही अपघातांत खांदा सापडतो.

घसरून पडल्यानं खांदा निखळणं वेगळं आणि पट्ट्यात बाही अडकून अख्खा हात खेचला जाणं वेगळं. अशा झटक्यात पाठीवरचा फरा छातीपासून सुटू शकतो. कातडी कधी शाबूत राहते. आत मात्र हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसांचं जाळं तुटलेलं असतं. जखम दिसत नाही, म्हणून घरचे सकाळपर्यंत थांबतात. तिथंच घात होतो.

म्हणून दोन्ही हातांची बोटं शेजारी धरून बघा. मार लागलेल्या बाजूची गार, पांढरी पडली, बधिर झाली किंवा हलेनाशी झाली, काखेत सूज वाढू लागली, तर ती आणीबाणी समजा. रक्त पूर्ण बंद झालं तर स्नायू साधारण ६ तासच तग धरतात. मनगटाची नाडी लागते म्हणूनही निर्धास्त राहू नका. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून थोडं रक्त पोचत असतं.

आधी यंत्र बंद करा. अडकलेला हात ओढू नका. १०८ ला फोन लावा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून धरा. मान हलू देऊ नका. हात आहे त्या स्थितीत रुमालाच्या झोळीत अंगाशी बांधा. अंगठी, कडं, बांगड्या सूज येण्याआधी काढा. चोळणं, शेकणं, हाड बसवणाऱ्याकडून ओढून घेणं नको. चहापाणीही नको, कारण भूल द्यावी लागू शकते.

फरा मोडायला फार जोर लागतो. तो मोडला असेल तर बरगड्या, फुप्फुस, डोकं यांनाही मार असू शकतो. म्हणून दवाखान्यात आधी श्वास आणि रक्तस्राव सांभाळतात, मग खांदा. परभणीहून नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवायला सांगितलं, तर घरी विचारविनिमय करत बसू नका. नसा तुटल्या असतील तर त्यांची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या ३ ते ६ महिन्यांत व्हावी लागते. तेव्हा प्लास्टर निघालं तरी तपासणी सोडू नका.

आणखी एक करा: अपघात किती वाजता झाला ते चिठ्ठीवर लिहून रुग्णासोबत द्या. हात वाचवायला किती वेळ उरला, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं.